तेरा अंशांचं इंजिन

घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत 12 अंश सरकतो. त्याहून जेमतेम एक अंश जास्त, इतकाच कोन लान्चिया फुल्विया कूपे या इटालियन गाडीच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन ओळींमध्ये आहे. एरवी 'व्ही' इंजिन म्हटलं की 60 किंवा 90 अंशांचा ऐसपैस कोन असतो. हा 'व्ही' इतका चिंचोळा आहे, की वरून पाहणाऱ्याला ते एका ओळीचंच इंजिन वाटावं. 1965 साली आलेली ही दोन दारांची छोटी गाडी इटलीच्या सगळ्या कूपेंमध्ये मला सर्वांत जवळची वाटते. तिचं देखणेपण, बर्फावरची तिची पकड आणि ती बनवायला लागणारा भरमसाट खर्च, या तिन्हींचा माग काढत गेलं की आपण त्या तेरा अंशांपाशी पोचतो.

कोनाचं हे वेड लान्चियात जुनंच होतं. विन्चेन्झो लान्चियाने 1906 मध्ये तोरीनो शहरात कंपनी काढली आणि 1922 च्या 'लाम्ब्दा'मध्येच असं चिंचोळं व्ही-4 इंजिन बसवलं. पुढे गाड्यांना ग्रीक अक्षरांऐवजी प्राचीन रोमन रस्त्यांची नावं देण्याची पद्धत पडली. फुल्विया हा तोरीनोच्याच प्रदेशातला, पिएमोन्तेमधला रस्ता. फुल्विया सेदान 1963 मध्ये आली. गाडीची मांडणी अंतोनियो फेसिया या इंजिनिअरची, इंजिन एत्तोरे झाक्कोने मिना याचं.

फेसिया पुढच्या चाकांना ताकद देण्याचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याने इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवलं. अडचण अशी, की एका ओळीतलं चार सिलिंडरांचं इंजिन लांब असतं. ते तिथे ठेवलं तर गाडीचं नाक हातभर पुढे येणार. उपाय आपल्याला लोकलच्या बाकावर रोज दिसतो. चौथा माणूस बसवायचा तर एकाने थोडं पुढे, एकाने थोडं मागे सरकायचं, म्हणजे खांदे एकमेकांत अडकत नाहीत. सिलिंडरही असेच आलटून पालटून डावी-उजवीकडे कलवले, की एकमेकांच्या मधल्या जागेत शिरतात आणि ब्लॉक आखूड होतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, इतका आखूड झाला, की त्याला तीनच मुख्य बेअरिंगांचा आधार पुरला.

कोन लहान ठेवण्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. रुंद 'व्ही' इंजिनाला दोन सिलिंडर हेड लागतात आणि प्रत्येक ओळीला दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) द्यायचे म्हटले तर एकूण चार. इथे दोन्ही ओळी इतक्या जवळ आहेत, की एकच हेड सगळ्यांवर झाकणासारखं बसतं. त्यात कॅमशाफ्ट दोनच. एक हवा आत घेणारे सगळे व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणारे. मात्र हवेत पेट्रोल मिसळणारे कार्ब्युरेटर एका बाजूला असल्यामुळे जवळच्या ओळीला हवेची वाट छोटी आणि लांबच्या ओळीला मोठी पडते. असं हेड ओतणं आणि घासून-पुसून नेमकं करणं हे कसबी आणि महागडं काम.

त्यातून मिळालं काय, याचा अंदाज मुंबईकरांना चटकन येईल. कुर्ल्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी ही मूळची तोरीनोच्याच फियाटची गाडी. तिचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद 40 अश्वशक्तीच्या आसपास. पहिल्या फुल्विया कूपेचं इंजिन 1216 सीसीचं, म्हणजे आकाराने थोडंसंच मोठं, पण ताकद 80 अश्वशक्ती. वर बसवलेले दोन कॅमशाफ्ट आणि दोन जोड-कार्ब्युरेटर यांमुळे ते जास्त वेगाने फिरू शकायचं आणि दर फेरीला पोटभर हवा घ्यायचं.

एवढं करूनही हे इंजिन सरळ उभं नाही, एका कुशीवर 45 अंश कललेलं आहे. त्यामुळे बोनेट खाली आणता आलं. कंपनीतल्याच पिएरो कास्तान्येरोने सेदानच्या दोन आसांमधलं अंतर 15 सेंटिमीटरने कमी केलं आणि वर सडपातळ खांबांचं, काचेच्या पेटीसारखं छत चढवलं. रिवा या देखण्या इटालियन मोटरबोटींवरून त्याने प्रेरणा घेतली होती. मागचा भाग डोळे किलकिले करून पाहा, धक्क्याला लावलेल्या बोटीची ढब जाणवते.

बर्फावर चाकाला मिळणारी पकड त्याच्यावरच्या भारावर ठरते. फुल्वियात इंजिनाचा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवरच येतो, म्हणून ती निसरड्या वाटेवरही गाडी खेचत राहतात. उलट नाक जड असल्याने वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. मग रॅलीपटू उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबायचे. हलकी मागची चाकं घसरायची आणि गाडी वळायची. चेझारे फियोरियोच्या लान्चिया रॅली संघासाठी बनलेल्या 'एचएफ' या हलक्या फुल्वियांत दारं, बोनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं केलं, तेव्हा पहिल्या एचएफचं वजन 825 किलोंवर आलं. 1.6 एचएफमध्ये इंजिन 1584 सीसीचं झालं आणि कोन आणखी कमी, 11 अंश 20 मिनिटं, म्हणजे सुमारे 11.3 अंश. पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन मोठे, म्हणून इटालियन लोक तिला 'फानालोने', म्हणजे भला मोठा दिवा, म्हणतात. स्वीडनच्या हॅरी शेलस्ट्रोमने 1969 आणि 1970 अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली फुल्वियातून जिंकली.

जानेवारी 1972 च्या माँटे कार्लो रॅलीत मात्र पारडं इंजिन मागे असलेल्या आल्पिन आणि पोर्शे यांचं जड मानलं जात होतं. सांद्रो मुनारी आणि मारियो मान्नुच्ची यांची 14 क्रमांकाची फुल्विया तोवर जुनी गाडी ठरत होती. ती पहिली आली. त्या वर्षीचं उत्पादकांचं आंतरराष्ट्रीय विजेतेपदही लान्चियाने मिळवलं.

पण इतक्या निगुतीने बनवलेली गाडी परवडणाऱ्या किमतीत विकून नफा होत नव्हता. कर्जात बुडालेली लान्चिया 1969 मध्येच फियाटने नाममात्र किमतीत घेतली होती. फुल्विया कूपे 1976 पर्यंत बनत राहिली, एकूण 1 लाख 40 हजारांच्या आसपास. चिंचोळ्या कोनाची कल्पना 1991 मध्ये फोक्सवॅगनने पुन्हा हाती घेतली. व्हीआर6 हे त्यांचं इंजिन पासाट आणि कोराडोच्या बोनेटखाली आडवं मावलं: सहा सिलिंडर, 15 अंशांचा कोन आणि सगळ्यांवर मिळून एकच हेड.