प्रिंट का निघत नाही?

‘प्रिंट’चं बटण दाबलं, स्क्रीनवर कसलीही तक्रार नाही आणि प्रिंटर मात्र ढिम्म. अशा वेळी हात आपसूक पुन्हा त्याच बटणाकडे जातो. नंतर कधीतरी अडथळा दूर झाला की एकाच पत्राच्या पाच-सहा प्रती धडाधड बाहेर पडतात, कारण दिलेली प्रत्येक आज्ञा संगणकाने इमानेइतबारे जपून ठेवलेली असते.

ती जपून ठेवणाऱ्या यंत्रणेला ‘स्पूलर’ म्हणतात. संगणकाच्या मानाने प्रिंटर फारच संथ. प्रत्येक पान छापून होईपर्यंत संगणक अडकून पडू नये म्हणून छापायचा मजकूर आधी डिस्कवर फाइल म्हणून लिहिला जातो आणि तिथून रांगेने प्रिंटरकडे जातो. विंडोजमध्ये या फाइली सिस्टिम३२ फोल्डरमधल्या ‘स्पूल’च्या आत, ‘प्रिंटर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. साधारणपणे एका कामाच्या दोन फाइली: एकीत मजकूर, दुसरीत तो कोणी, कुठल्या प्रिंटरकडे पाठवला याची नोंद. रांगेतली पहिलीच फाइल बिघडलेली असली की मागचं सगळं तुंबतं. ती काढायला जावं तर समोर ‘डिलीटिंग’ असं दिसत राहतं आणि ती काही हटत नाही. संगणक बंद करून चालू केला तरी अनेकदा उपयोग होत नाही, कारण फाइल डिस्कवर तशीच बसलेली असते. उपाय असा: विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये (पडद्याआड चालणाऱ्या कामांच्या यादीत) जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, त्या फोल्डरमधल्या फाइली पुसायच्या (फोल्डर नव्हे) आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. याला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, आणि रांगेत थांबलेली बाकीची कामंही त्याबरोबर जातात.

पण रांग मोकळी असूनही प्रिंट निघत नसेल, तर मजकुराची वाट नेमकी कुठे अडली ते आधी शोधावं. प्रिंटरच्याच पॅनेलवरून चाचणीचं पान काढा. त्यात संगणकाचा काडीचा संबंध नसतो. ते नीट आलं तर शाई, कागद, रोलर ठीक आहेत. मग नोटपॅडमध्ये एक ओळ टाइप करून छापा. तीही आली, तर केबल आणि ड्रायव्हर (संगणकाचं म्हणणं प्रिंटरला कळेल अशा रूपात देणारं सॉफ्टवेअर) संशयातून सुटले. आता संशय फक्त त्या डॉक्युमेंटवर.

इथे खरी गंमत आहे. प्रिंटरला तुमची वर्डची फाइल जशीच्या तशी मिळत नाही. ए४ पान इंचाला ६०० ठिपके या दराने छापायचं तर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. ते सगळे मोजून पाठवण्याऐवजी ‘इथे अमुक अक्षर, तिथे अमुक रेघ’ असं पानाचं वर्णन पाठवता येतं. त्यासाठी अडोबीने १९८४ मध्ये ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा आणली. ही चक्क प्रोग्रामिंगची भाषा आहे. म्हणजे या भाषेत छापायला पाठवलेलं पान हा एक प्रोग्राम, आणि तो चालवण्याचं काम प्रिंटरमधल्या छोट्या प्रोसेसरचं. गुंतागुंतीचं चित्र आलं की त्याची मेमरी अपुरी पडू शकते, सदोष फॉन्ट आला की तो अडखळू शकतो. दिवा लुकलुकतो आणि काम गायब होतं. पीडीएफ अशी अडली तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडून पाहा. मग ठिपक्यांचं काम संगणकच करतो. वेळ जास्त लागतो, पण पान निघतं.

याच भाषेमुळे आणखी एक प्रकार घडतो. ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्टचा आणि प्रिंटरला ती भाषाच येत नाही, असं झालं की तो ते वर्णन साधा मजकूर समजून छापत सुटतो. पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘%!’ ही खूण दिसली आणि पाठोपाठ निरर्थक ओळींची पानंच्या पानं येऊ लागली, तर आधी कागदाचा ट्रे ओढून काढा.

कधी कारण अगदीच किरकोळ असतं: डॉक्युमेंट ‘लेटर’ आकाराचं, ट्रेमध्ये ए४. उंचीत १८ मिलिमीटरचा फरक; तेवढ्यावरून काही प्रिंटर योग्य कागदाची वाट बघत अडून बसतात.

वायफायवरच्या प्रिंटरचं दुखणं वेगळं. राउटर त्याला जो आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) देतो तो कायमचा नसतो. वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारतो आणि ‘ऑफलाइन’ म्हणून मोकळा होतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला की ही कटकट मिटते. विंडोज १० पासून आणखी एक खोच आहे: डीफॉल्ट प्रिंटर (वेगळा न निवडल्यास आपोआप वापरला जाणारा) ठरवणं विंडोजवर सोपवलं असेल, तर शेवटी वापरलेला प्रिंटरच डीफॉल्ट होतो. तेव्हा पान दुसऱ्याच खोलीत निघालेलं नाही ना, तेही बघावं.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं हा सल्ला सगळेच सर्वात आधी देतात. मला तो सर्वात शेवटचा वाटतो, आणि तो करायचाच तर पुरता करावा. यादीतून प्रिंटर काढला म्हणजे ड्रायव्हर गेला असं नाही. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमधून त्याचं पॅकेजही काढावं लागतं. नाहीतर नव्याने प्रिंटर जोडताना विंडोज तोच जुना, बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा उचलू शकतं.