वजन केल्याने बाळ सुकतं का?

‘आशाताईला बाळाचं वजन करू देऊ नका, नजर लागते नि बाळ सुकतं.’ कोकणातल्या वाड्यांवर हे पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं.

असं का वाटतं, ते आधी समजून घेऊ. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत अंगातलं जादा पाणी उतरून बहुतेक बाळांचं वजन घटतंच. 2 किलो 800 ग्रॅमचं बाळ दोन-अडीचशे ग्रॅमने उतरू शकतं. नेमकी तेव्हाच तिची पहिली भेट असते. आजीने पाहिलेलं खोटं नव्हतं. फक्त घट आधीची आणि काटा नंतरचा.

पडताळा घरीच होतो. माता-बाल संरक्षण कार्डावर जन्माचं वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी 3, 7 आणि 14व्या दिवसाचे आकडे जुळवून पाहा. वजन नजरेने उतरलं असतं, तर दर वजनाला आणखी उतरलं असतं. बहुतेक बाळं दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येतात, तेही वजन होत असतानाच!

जे बाळ परत येत नाही, त्याच्यासाठीच तर हा काटा. दूध कमी पडतंय की काही दुखणं आहे, हे नुसत्या डोळ्यांनी चटकन कळत नाही. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

दृष्ट काढायची तर खुशाल काढा. पण साकव ओलांडून भर पावसात आलेल्या ताईला पडवीतून परत पाठवू नका.