घरातील ख्रिस्तसभा

घरातील ख्रिस्तसभा : कॅथॉलिक परंपरेत कुटुंबाच्या श्रद्धाजीवनाला दिलेले नाव. ज्या घरात माणसे एकत्र प्रार्थना करतात, पवित्र शास्त्र वाचतात आणि एकमेकांची क्षमा मागतात, ते घर ख्रिस्तसभेचे, म्हणजे चर्चचे, सर्वांत लहान रूप मानले जाते. मात्र कुटुंब धर्मग्रामापासून (स्थानिक चर्चच्या समुदायापासून) तोडून ही संकल्पना समजत नाही. घराला आध्यात्मिक प्रेरणा मिळते ती मुख्यतः रविवारच्या मिस्सातून (देवळातल्या मुख्य उपासनेतून) आणि बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांतून. ती आठवडाभर घरात मुरली नाही, तर पुढच्या रविवारी माणूस देवळात नुसता हजर असतो.

सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाकडे स्वतंत्र प्रार्थनामंदिरे नव्हती. प्रेषित पौलाच्या पत्रांत प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे (रोमकरांस १६:५, १ करिंथकरांस १६:१९), तसाच नुंफाच्या घरच्या मंडळीचाही (कलस्सैकरांस ४:१५). चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्टम आपल्या श्रोत्यांना घराचे चर्च करा असे सांगत. पुढे मठजीवन हाच पावित्र्याचा राजमार्ग ठरला आणि संसारी माणसाची साधना दुय्यम समजली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजात (परिच्छेद ११) कुटुंबाला पुन्हा घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडील हे मुलांना श्रद्धा सांगणारे पहिले लोक आहेत, असे बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये ‘फॅमिलियारिस कॉन्सॉर्शिओ’मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ‘आमोरिस लेतिशिया’मध्ये हा विचार विस्ताराने मांडला.

धर्मग्रामाची बाजू

१९८३ च्या कॅनन कायद्यानुसार (चर्चच्या कायद्यानुसार) धर्मग्राम म्हणजे ठरावीक श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय; इमारत हा त्याचा फक्त एक भाग (कलम ५१५). प्रमुख धर्मगुरूने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतेत आणि शोकात सहभागी व्हावे, असे कलम ५२९ सांगते. कलम ५३४ अन्वये दर रविवारी व आज्ञापित (मिस्साला जाणे बंधनकारक असलेल्या) सणांना त्याने आपल्या लोकांसाठी एक मिस्सा अर्पण करायची असते. हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते: त्या मिस्साला ते आले नाहीत, तरी ती त्यांच्यासाठी असते.

रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क (मध्ये काही रविवार योहानाचा सहावा अध्याय) आणि तिसऱ्या वर्षी लूक वाचला जातो. नवे वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते. घराच्या दृष्टीने या चक्राचा फायदा मोठा आहे, कारण पुढच्या रविवारी काय वाचले जाणार हे आधीच ठाऊक असते. शनिवारी रात्री शुभवर्तमानाचा तो उतारा मोठ्याने वाचावा. त्याला दोन ते पाच मिनिटे लागतात. वाचून झाल्यावर चर्चा नको; मनात राहिलेला एकच शब्द किंवा वाक्य प्रत्येकाने सांगावे. रविवारी प्रवचन कंटाळवाणे निघाले तरी ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी असते. मिस्सानंतर घरी जेवताना ‘फादर काय म्हणाले?’ असे विचारल्यास मूल परीक्षा समजून गप्प बसते. ‘तुझा कालचा शब्द सापडला का?’ असे विचारल्यास बोलते.

धर्मग्रामात एक उलटा धोकाही असतो. गायकवृंद, धर्मशिक्षण, सणाची समिती, गरिबांसाठीचे काम अशी चार-पाच कामे एकाच उत्साही जोडप्याच्या गळ्यात पडतात आणि त्यांच्या घरी संध्याकाळी कोणीच नसते. सेवा म्हणून सुरू झालेले काम मग घरातल्या साधनेलाच खाते. एका वेळी नवराबायकोंनी मिळून एकच मोठी जबाबदारी घ्यावी आणि ती सोडण्याचा दिवस आधीच ठरवावा, हा नियम कडक वाटला तरी टिकाऊ आहे.

बाप्तिस्म्यापासून सुरुवात

घर आणि वेदी यांची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती बाप्तिस्म्यात. विधीच्या सुरुवातीला धर्मगुरूनंतर आईवडील आणि धर्ममातापिता (बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे) बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. हाच हावभाव नंतर रोज रात्री झोपताना घरी करता येतो. त्याला वेगळ्या परवानगीची गरज नाही. बाळाची मेणबत्ती पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात. ती कपाटात वितळून जाण्याऐवजी दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला पाच मिनिटे लावावी आणि बाप्तिस्म्याची वचने पुन्हा म्हणावीत. बहुतेक घरांत वाढदिवस पाठ असतो, बाप्तिस्म्याची तारीख मात्र कोणालाच आठवत नाही. ती धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीत मिळते.

धर्मपिता किंवा धर्ममाता एकच असली तरी चालते, दोन असतील तर एक पुरुष व एक स्त्री. वय साधारणतः सोळा पूर्ण हवे, दृढीकरण (बाप्तिस्म्यातील श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेले हवे, आणि बाळाचे आईवडील स्वतः हे काम करू शकत नाहीत (कलम ८७३ व ८७४). निवड बहुधा नातेवाइकांचा मान राखण्यासाठी होते आणि तिथेच बिघडते. ज्याला मुलाला वर्षातून दोनदाही भेटता येणार नाही, त्याचे नाव नोंदवहीत शोभेपुरते राहते.

कौटुंबिक रोझरी

घरच्या प्रार्थनांत सर्वांत जास्त म्हटली जाणारी आणि सर्वांत जास्त मोडून पडणारी प्रार्थना म्हणजे रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना). पाच दशकांच्या (दहा-दहा नमो मरियांच्या गटांच्या) माळेत ५९ मणी असतात: ५३ नमो मरियेचे, ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. क्रूस हातात धरून प्रेषितांचा विश्वासांगीकार, पहिल्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, पुढील तिन्हींवर नमो मरिया आणि मग त्रैक्याची (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची) स्तुती. नंतर प्रत्येक दशकाआधी रहस्य (येशू व मरिया यांच्या जीवनातील प्रसंग) जाहीर करायचे, एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया, एक त्रैक्याची स्तुती. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सुचवली. त्याआधी पंधराच रहस्ये होती.

पूर्ण माळेला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत आटोपणारे कुटुंब शब्द गिळत असते. चुका ठरलेल्या आहेत. नमो मरिया दोन भागांत वाटून म्हणतात; पुढचा अर्धा भाग म्हणणारे लोक आधीच्याचे वाक्य संपण्याआधी सुरू करतात आणि प्रार्थनेचा गोंगाट होतो. ‘येशू’ या नावावर क्षणभर थांबण्याची सवय लावली की हे सुटते. दुसरी चूक म्हणजे सुरुवातीलाच पाच दशके. लहान मुले असलेल्या घरात पहिले काही महिने एकच दशक म्हणावे, रहस्याला साजेसे चित्र समोर ठेवावे आणि दशक चालवण्याची पाळी मुलांना द्यावी. तिसरी चूक वेळेची: झोपेच्या तोंडावर ठेवलेली रोझरी शिक्षा होते. जेवणाआधीचा वेळ बहुधा जमतो. शेवटी जोडत गेलेल्या प्रार्थनांची शेपटीही आवरावी लागते. अमुक संताची, तमुक हेतूची असे करता करता ती मूळ माळेएवढी लांबते. कुटुंबात एकत्र म्हटलेल्या पाच सलग दशकांना पूर्ण दंडमुक्ती (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) जोडलेली आहे, पण पापनिवेदन (धर्मगुरूजवळ पापांची कबुली), पवित्र कम्युनियन (मिस्सातील ख्रिस्ताची भाकर घेणे), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणे या नेहमीच्या अटींसह. म्हणजे इथेही घरची प्रार्थना माणसाला धर्मग्रामाकडेच पाठवते.

दिवसाची उजळणी आणि क्षमा

संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात (क्रमांक ४३) सद्सद्विवेकाच्या तपासणीचे पाच टप्पे आहेत: देवाचे आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची याचना, दिवसाचा तासागणिक आढावा, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. कुटुंबासाठी याचे छोटे रूप करतात. आज कशाबद्दल आभार, आज कोणाला दुखावले, उद्या काय वेगळे करणार, एवढे तीन प्रश्न. प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचे. हा नियम मोडला की दुसऱ्याच दिवशी त्याचे कोर्ट होते, आणि बहुधा तो मोठी माणसेच मोडतात. आईने किंवा वडिलांनी आधी स्वतःची चूक सांगितली तरच मुले मोकळी होतात. ‘आमोरिस लेतिशिया’त (परिच्छेद १३३) घरात वापरायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: परवानगी विचारणे, आभार मानणे, माफी मागणे. तिसरी सर्वांत जड जाते.

गंभीर पापाचे निवेदन वर्षातून किमान एकदा करण्याचे बंधन आहे (कलम ९८९). मात्र सहा-आठ आठवड्यांतून एकदा कुटुंबाने एकाच दिवशी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे पापनिवेदनाला जावे, ही पद्धत मुलांना जास्त शिकवते; वडील रांगेत उभे दिसले की वेगळे व्याख्यान लागत नाही.

शेजारगट

बरेच धर्मग्राम आठ-दहा कुटुंबांचे गट करतात. अशा गटांत ‘लुम्को’ या दक्षिण आफ्रिकेतील संस्थेत तयार झालेली सात पायऱ्यांची शास्त्रवाचन पद्धत जगभर वापरली जाते. प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, त्यातले शब्द निवडून ते तीनदा प्रार्थनापूर्वक उच्चारणे, काही मिनिटे शांतता, मनाला काय भिडले ते सांगणे, आपल्याला कोणते काम करायचे आहे ते ठरवणे, उत्स्फूर्त प्रार्थना. साधारण एक तास लागतो. पाचवी पायरी प्रवचनात घसरते, कारण एखादा वाचलेला माणूस अर्थ समजावू लागतो. सहावी तर गुपचूप गाळली जाते. ती गाळलेला गट काही महिन्यांत चहापुरता उरतो. काम छोटे आणि नाव-वार ठरलेले असावे: कोण कोणत्या आजाऱ्याकडे कधी जाणार.

कोरडा काळ आणि अपुरी घरे

प्रार्थनेत काहीच जाणवत नाही असे आठवडे, महिने येतात. इग्नाशियस यांचा सल्ला (क्रमांक ३१८) असा की अशा उदासीत आधीचा निर्णय बदलू नये. कुटुंबाच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे: प्रार्थना लहान करा, बंद करू नका. जिथे एकच जोडीदार श्रद्धावंत आहे, एकटीच आई किंवा बाप आहे, किंवा मोठी मुले चर्चला येणे सोडून बसली आहेत, तिथे दबाव टाकल्याने क्वचितच काही साधते. मेणबत्ती, शास्त्राचा उतारा आणि एक आमंत्रण ठरल्या वेळी ठरल्या जागी असावे. येणे न येणे त्यांच्यावर. आदर्श कुटुंबांची चित्रेही जपून वापरावीत. २०१५ मध्ये एकत्र संत घोषित झालेले लुई व झेली मार्टिन हे दांपत्यही अशा सुखी चित्रातले नव्हते. त्यांची नऊपैकी चार मुले लहानपणीच गेली आणि झेली स्वतः १८७७ मध्ये कर्करोगाने वारल्या.

आजाऱ्याच्या घरी कम्युनियन

वेदी अक्षरशः घरी येते ती या वेळी, आणि तरी याची तयारी सर्वांत कमी घरांना ठाऊक असते. आजाऱ्याजवळ स्वच्छ पांढरे कापड घातलेले छोटे मेज, त्यावर क्रूस, एक-दोन मेणबत्त्या, जमल्यास पवित्र पाणी आणि पिण्याच्या पाण्याचा पेला. दूरदर्शन बंद करावा आणि घरातले सगळे त्या खोलीत असावेत. कम्युनियनपूर्वी एक तास उपवासाचा नियम वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना लागू नाही (कलम ९१९). नीट गिळता येत नसेल, तर भाकरीचा अगदी छोटा तुकडा किंवा केवळ द्राक्षारसाचा थेंब देता येतो, पण ते आधी सांगून ठेवावे लागते. पापनिवेदन करायचे असेल तर त्या वेळी इतरांनी बाहेर जावे. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, कम्युनियन मात्र नेमलेला सेवकही आणू शकतो. म्हणून धर्मग्रामाला कळवताना नेमके काय हवे ते सांगावे. रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत थांबणे ही नेहमीची चूक आहे. बोलावणे लवकर केले तर तो स्वतः पापनिवेदन करू शकतो, प्रार्थनेत उत्तरे देऊ शकतो आणि शेवटची शिदोरी म्हणून दिली जाणारी कम्युनियन शुद्धीत घेऊ शकतो.