गाद्यांनी सुटलेलं कोडं

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची इमारत सुरू झाली आणि तिथल्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतोय तेच कळेना. एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्याच्यात मिसळून जात. हे निस्तरायचं काम वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. ध्वनिशास्त्र हा काही त्याचा विषय नव्हता, डॉक्टरेटही नव्हती.

तो रात्री, सगळं शांत झाल्यावर काम करी. ऑर्गनची नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून बाकांवर टाकायच्या आणि पुन्हा मोजायचं. गाद्या वाढल्या तसा निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरचं त्याचं घुमणं, आखडत गेला. शोषणाचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. यातून निघालेलं निनादकालाचं, म्हणजे निनाद विरायला लागणाऱ्या वेळेचं, सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं, ते). उत्तर सेकंदांत. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल या हिशोबाच्या आधारे बांधला गेला.

पदव्युत्तर वर्गात हे सूत्र शिकवतात आणि लगेच त्याची खोडही दाखवतात. सगळ्या भिंती शंभर टक्के शोषक धरल्या तरी निनादकाल शून्य येत नाही! १९३० मध्ये कार्ल एयरिंग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने त्यात दुरुस्ती केली. रोजच्या कामाला मात्र मूळ सूत्र पुरतं.

२० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच असं मंगल कार्यालय घ्या. प्लास्टर आणि फरशी जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या हॉलचा निनादकाल जवळपास ९ सेकंद. ३०० माणसं आली की तो दीड सेकंदाच्या आत, कारण कपड्यांसकट माणूस हा उत्तम शोषक. पण पन्नासच पाहुणे असले की निवेदक माइकचा आवाज वाढवतो, आणि तिथेच फसतो: आवाजाबरोबर त्याचा निनादही तेवढाच वाढतो. छताला ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंच्या लोकरीचे) पॅनेल लावणं हा खरा इलाज. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांनी ती मेहनत वाचवावी. बोलण्यातल्या खालच्या स्वरांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही.