पावसाळी सह्याद्री आणि पोलरायझर

जुलैत डोळ्यांना गर्द दिसलेली हिरवाई फोटोत फिकट, पांढुरकी उतरते आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरे कारण पानांवर असते. ओल्या पानावरचा पाण्याचा पातळ थर ढगाळ आकाश परावर्तित करतो आणि हा पांढरा प्रकाश पानातून येणाऱ्या हिरव्या प्रकाशात मिसळतो. नंतर संगणकावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, कितीही वाढवा, पाने फक्त भडक होतात. चकाकीखाली कोणता हिरवा होता, ही माहिती सेन्सरपर्यंत पोचलेलीच नसते.

म्हणून हौशी निसर्गछायाचित्रकाराने पैसे मोजून पहिला फिल्टर घ्यायचा तो पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे बसणारी, फिरवून चकाकी अडवणारी काच. यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात कामाचा होता. आजच्या डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण रोखणारी काच मुळातच असते. अर्धा गडद, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्राच्या सरळ क्षितिजावर छान बसतो. पण सह्याद्रीत आकाशाबरोबर सुळकेही काळे करतो. त्याऐवजी ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तीन रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो काढून ते जोडणे बरे. पोलरायझरचे काम मात्र फोटो काढल्यावर करता येत नाही.

हे काम चालते कसे? सूर्याचा प्रकाश सर्व दिशांनी कंप पावत येतो. पाणी, काच, पान यांसारख्या पृष्ठभागांवरून तो तिरका परावर्तित झाला, की त्यातला एकाच दिशेने कंप पावणारा भाग जास्त उरतो. १८०८ मध्ये एत्येन-लुई मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरची चमक कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिली, तेव्हा हे लक्षात आले. (आपल्या दख्खनच्या कातळातील पोकळ्यांतही कॅल्साइट सापडते.) फिल्टरमधला पापुद्रा एकाच दिशेची कंपने जाऊ देतो. तो फिरवून चकाकीच्या कंपनांना आडवा धरला, की चकाकी अडते.

पण ती सगळीकडून सारखी जात नाही. पाण्यासाठी सर्वांत सोयीचा कोन पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशांचा असतो. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असेल, तर सुमारे दोन मीटर पुढचे पाणी सर्वांत स्वच्छ दिसेल आणि तळाचे गोटे उठून येतील. त्याहून लांबच्या किंवा पायाशी असलेल्या पाण्यावर परिणाम कमी होत जातो. डोहाचा तळ हवा असेल, तर ट्रायपॉडची जागा आणि उंची या हिशेबाने ठरवावी. धातूवरची चकाकी मात्र पोलरायझरला जवळपास दाद देत नाही.

फिल्टर फिरवताना फार काटेकोर राहण्याची गरज नाही. अचूक जागेपासून १० अंश चुकले, तरी अडवता येण्याजोग्या चकाकीतली जेमतेम ३ टक्के आत शिरते. ३० अंश चुकले तर २५ टक्के. पाने तर हजार कोनांत वळलेली असतात, त्यामुळे सगळ्यांची चकाकी एकदम जाणारी जागा सापडतच नाही. स्क्रीनकडे पाहत कडी हळूहळू अर्धा फेरा फिरवावी, चकाकी सर्वांत कमी होते ती जागा शोधावी आणि तिथून किंचित मागे यावे. चमक पूर्ण काढून टाकलेला ओला कातळ कोरडा वाटतो. कॅमेरा आडव्याचा उभा केला, की पुन्हा फिरवावे लागते. हे हमखास विसरले जाते.

निळ्या आकाशाचा प्रकाशही काही अंशी असाच एका दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित असतो, म्हणून फिल्टरने आकाश गडद होते. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा आणि मनगट फिरवा. अंगठा दाखवेल तो हा पट्टा. शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे मुंबई-पुण्यात मेच्या मध्यास, भर दुपारी तो क्षितिजालगत चौफेर पसरतो; मात्र त्या ऋतूतल्या धुरकटपणामुळे परिणाम फिका राहतो. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरहून रुंद लेन्स असेल, तर या पट्ट्याचा गडद डाग आकाशाच्या मधोमध उमटतो. अशा वेळी फिल्टर काढून ठेवावा. इंद्रधनुष्य टिपतानाही सावध राहा, त्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो. फिल्टर चुकीच्या जागी असेल, तर कमानीचा माथाच नाहीसा होतो!

पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. दाट झाडीतल्या धबधब्यापाशी हा तोटा फायद्याचा ठरतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप) ला शटर १/८ सेकंद येत असेल, तर पोलरायझर लावून ते अर्ध्या सेकंदापर्यंत जाते. पाव ते एक सेकंदात पाण्याच्या धारा मऊ होतात, तरी त्यांचा पोत राहतो. १० सेकंदांत उरते ते नुसते पांढरे धुके. शटर लांबवण्यासाठी एफ/२२ पर्यंत जाऊ नये, तिथे छिद्र फार बारीक होते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे कडांशी पसरण्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो.

उघड्यावरच्या धबधब्याला किंवा समुद्राला एनडी फिल्टर, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच कमी करणारी राखाडी काच, लागतो. एनडी ६४ म्हणजे ६ स्टॉप, एनडी १००० म्हणजे १०. ढगाळ दुपारी १/६० सेकंद येत असेल, तर एनडी ६४ ने साधारण एक सेकंद आणि एनडी १००० ने १७ सेकंद मिळतात. दोनांपैकी एकच घ्यायचा तर ६४ घ्यावा. गडद एनडीतून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, म्हणून चौकट आणि फोकस आधी ठरवून फोकस मॅन्युअलवर टाकावा, एक्स्पोजर मोजावे आणि मगच काच चढवावी. डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात) मागचा व्ह्यूफाइंडर झाकावा, नाहीतर तिथून प्रकाश आत झिरपतो. स्वस्त गडद एनडी अवरक्त (इन्फ्रारेड) किरण आत येऊ देतात आणि फोटोवर तांबूस झाक येते. वाऱ्याने झाडी हलत असेल, तर त्याच जागेवरून आयएसओ वाढवून १/१२५ चा आणखी एक फोटो घ्यावा आणि पाने त्यातली वापरावीत.

विकत घेताना लेन्सवर Ø या खुणेपुढचा आकडा, म्हणजे फिल्टरचा व्यास मिलिमीटरमध्ये, पाहावा. सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला पोलरायझर आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी), असे स्वस्त पडते. नुसती काळी काच गळ्यात मारली जात नाही ना, हे लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कळते. फिल्टरची बाहेरची बाजू पडद्याकडे धरून फिरवावी, एका जागी पडदा जवळजवळ काळा झाला पाहिजे. बाजू उलटी धरली, तर फक्त रंगाची छटा बदलेल.

अ‍ॅल्युमिनियमची कडी लेन्सवर घट्ट अडकते, पितळेची कमी. अडकलीच तर चिमटीत दाबू नये, कारण दाबाने कडी लंबगोल होऊन आणखी रुतते. कडीभोवती रुंद रबरबँड गुंडाळून सगळ्या बाजूंनी हलका धरावा आणि फिरवावे. एसी गाडीतून थेट कोकणच्या दमट हवेत काढलेल्या काचेवर वाफ धरते, म्हणून बॅग न उघडता अर्धा तास बाहेर राहू द्यावी. पुळणीवर काचेवर बसलेले खारे तुषार कोरड्या कापडाने पुसू नयेत, मिठाचे कण ओरखडे पाडतात. फिल्टर लेन्सवरून काढावा, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने मीठ टिपून घ्यावे आणि मग मायक्रोफायबरने पुसावे.