ग्लेन मिलर पॅरिसच्या कुंटणखान्यात मेला नाही

दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा बँड चालवणारा अमेरिकन बँडलीडर ग्लेन मिलर पॅरिसच्या कुंटणखान्यात मेला आणि लष्कराने ते दडपलं, ही अफवा अजून फिरते. तिला पुरावा नाही. एका देशसेवा करणाऱ्या कलावंताची ही बदनामी थांबायला हवी.

15 डिसेंबर 1944 रोजी दुपारी तो इंग्लंडच्या ट्विनवुड फार्म धावपट्टीवरून एका इंजिनाच्या नॉर्समन विमानात बसला. सोबत वैमानिक जॉन मॉर्गन आणि लेफ्टनंट कर्नल बेसेल होते. विमान पॅरिसला पोहोचलंच नाही. 18 तारखेला त्याचा बँड तिथे उतरला आणि मिलर दिसेना, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. संशय वाढला तो याच दिरंगाईने. पण 16 तारखेलाच बेल्जियमकडच्या आर्डेन्सच्या जंगलात जर्मन हल्ला सुरू झाला होता आणि लष्कराचं लक्ष तिकडे होतं, हे विसरलं जातं.

सर्वांत पटणारं कारण कार्ब्युरेटरमधला, म्हणजे इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा झपाट्याने गार होते, दमट हवेतलं पाणी गोठतं, हवेचा मार्ग चोंदतो आणि इंजिन बंद पडतं. बाहेर तापमान शून्याच्या वर असलं तरी हे घडतं. त्या दिवशी तर कडाक्याची थंडी आणि खाली आलेले ढग होते. कमी उंचीवर इंजिन पुन्हा सुरू करायला वेळच मिळत नाही, आणि खाली इंग्लिश खाडीचं गारठलेलं पाणी.

परतणाऱ्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांनी समुद्रात टाकलेले बॉम्ब मिलरच्या विमानाला लागले, हा दावा कित्येक वर्षांनी पुढे आला. तोही सिद्ध झालेला नाही.