मेथीच्या डब्यातला मेपल

गेल्या थंडीत भाची कॅनडाहून आली, ती मेपल इसेन्सची छोटी बाटली घेऊन. मेपल हे तिकडचं झाड, त्याचा रस आटवून केलेला गोड पाक म्हणजे मेपल सिरप. तिथे मेपलच्या चवीच्या बेक केलेल्या वड्या घरोघरी करतात, त्या तिला आम्हाला खाऊ घालायच्या होत्या. अमळनेरच्या आमच्या स्वयंपाकघरात झाकण उघडलं आणि सासूबाई लगेच म्हणाल्या, "हाई ते मेथीना वास शे!" भाचीला ते पटेना. पण सासूबाईंचं नाक अगदी बरोबर होतं.

मेथीच्या दाण्यात सोटोलोन नावाचा सुगंधी पदार्थ असतो. गंमत त्याच्या प्रमाणात आहे. तो भरपूर असला की आपल्याला मेथीचा, मसाल्याचा वास येतो. अगदी नाममात्र असला की तोच पदार्थ जळक्या साखरेसारखा, मेपलसारखा वाटतो. म्हणून कृत्रिम मेपल इसेन्ससाठी मेथीचा अर्क वापरतात. 2005 पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून मेपल सिरपचा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. 2009 मध्ये उलगडा झाला: शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची, तिथून वाऱ्याबरोबर तो वास येत होता.

खऱ्या मेपल सिरपची कथा वेगळी आहे. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब, अशा हवेत मेपलच्या खोडातून रस झरतो. त्यात साखर जेमतेम 2 टक्के असते आणि मेपलची म्हणून जी चव आपण ओळखतो, ती जवळपास नसतेच. सुमारे 40 लिटर रस आटवला की 1 लिटर सिरप मिळतं. साखर आणि अमिनो आम्लं तापून एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून रंग आणि सुगंध तयार होतो. ह्याला मेयार अभिक्रिया म्हणतात. भाकरीला तव्यावर डाग पडतात, तेही ह्याच अभिक्रियेने.

हे वाचताना मला गुऱ्हाळ आठवतं. उसाच्या रसात साखर मेपलच्या रसापेक्षा कितीतरी पट जास्त, त्यामुळे काकवी व्हायला आटवावं कमी लागतं. पण मोठ्या कढईत उकळता रस, वर येणारी मळी आणि गडद होत जाणारा रंग, हे सगळं तसंच. मेपल सिरप महाग आहे म्हणून हळहळण्यापेक्षा मी काकवीच घेते.

वड्यांसाठी 200 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम तूप, 150 ग्रॅम काकवी, पाव वाटी दूध, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्या. मेथीपूड फक्त पाव चमचा. मेथीदाणे मंद आचेवर तांबूस होईपर्यंतच भाजा. मेथीत एक खास अमिनो आम्ल असतं, तापवल्यावर त्यातून सोटोलोन तयार होऊ शकतं. पण दाणे काळे पडले तर कडूपणाच उरतो. पूड कोमट तुपात रात्रभर ठेवा. बाळंतिणीच्या लाडवांसाठी मेथीचं पीठ तुपात भिजवतात, तीच ही रीत. एकदा मी उत्साहाने पूर्ण चमचा पूड घातली, तेव्हा मेपल कुठल्या कुठे गेला आणि मेथीचे लाडूच झाले. मुलांनी हातही लावला नाही.

काकवी किंचित आम्लधर्मी असते. सोडा तिला भेटला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि वडी हलकी होते, म्हणून मिश्रण कालवल्यावर ताटकळत ठेवू नका. सोडा जास्त पडला तर वडी लवकर काळपट होते आणि साबणासारखी लागते. ओव्हन 170 अंशांवर आधी तापवून साधारण 25 मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजता येतं. वेळ थोडा जास्त लागतो. कडा आधी लाल होतात, कारण तिथलं पाणी आधी उडतं, आणि पाणी उडेपर्यंत पृष्ठभागाचं तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही.

बाळंतिणीच्या घरी एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. मेथी भरपूर खाल्ली की घामाला आणि लघवीला मेपलसारखा वास येतो. आईने खाल्लेल्या मेथीमुळे बाळालाही तो आल्याच्या नोंदी आहेत. पण बाळाच्या लघवीला असा वास येण्याचं एक दुर्मिळ आणि गंभीर आनुवंशिक कारणही असतं. 1954 मध्ये ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं. त्यामुळे "मेथीचंच असेल" म्हणून थांबू नका, बाळ लगेच डॉक्टरांना दाखवा आणि आईने काय खाल्लं तेही सांगा.

वड्या पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर चुरा होतो. काकवीतली ग्लुकोज-फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवतात, म्हणून डब्यात बंद केलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतात. भाची निघाली तेव्हा इसेन्सची बाटली इथेच ठेवून गेली आणि सासूबाईंनी दिलेली मेथीपूड पुडी बांधून घेऊन गेली.